दार मीच लोटून घेतलं होतं

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी भर दुपारी आमच्या कोपरीच्या घरातल्या मधल्या खोलीचं दार मी माझ्या हातांनी लोटून घेतलं. आत माझ्या थोरल्या जाऊबाई, सुशीलाताई, आडव्या झाल्या होत्या. त्यांचं डोकं दुखत होतं. या घरात त्यांचं डोकं दुखणं आणि कुणीतरी ते दार लोटून घेणं इतक्या वेळा झालं होतं, की त्यात कुणाला काही वेगळं वाटण्याचं कारण नव्हतं. मी खिडकीवर घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला, पायांवर पातळ चादर घातली आणि बाहेर येऊन पन्ह्यात वेलदोडा घालायचा राहिला होता तो घातला. तिन्हीसांजेला चहा घेऊन मी ते दार उघडलं तेव्हा ताई शुद्धीवर नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातच त्या गेल्या. त्याला आता दीड महिना होऊन गेला. समाचाराला येणाऱ्या बायका म्हणतात, "सुटली हो, फार डोकं दुखायचं बिचारीचं." मी मान हलवते. खरं तर त्यांना अडवून सांगावंसं वाटतं, की ताईंना सुटायचं नव्हतं, आणि त्या ज्या दुखण्यानं गेल्या ते त्यांचं नेहमीचं दुखणंच नव्हतं... पण मग पुढचं सगळं सांगावं लागेल, म्हणून गप्प बसते. ते इथं लिहिते आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन या घरी आले. आमचं घर म्हणजे एका आगरी मालकाच्या जागेत भाड्यानं घेतलेल्या तीन खोल्या, वर कौलं, मागं विहीर, आणि विहिरीपलीकडे थोडं चाललं की मिठागरं. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, ठाण्याच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. आमचे हे कल्याणला मालधक्क्यावर कारकून. सासूबाई, ताई, ताईंची लहानगी मंगल आणि मी, अशा आम्ही घरात. ताई रोह्याकडच्या. उंच, चपळ, हसताना तोंडावर पालथा हात धरायच्या. भाऊजी मुलांचे निबंध तपासायला घरी आणत, त्यातला एखादा त्या शेगडीपाशी बसून मोठ्यानं वाचायच्या, आणि भाऊजींनी लाल शाईनं खोडलेली वाक्यं त्यांना हमखास आवडायची. "मुलानं किती छान लिहिलंय, तुम्ही काय खोडता?" यावरून दोघांचं वाजायचं. आमच्या घरात आवाज म्हणून जो होता तो बहुतेक ताईंचाच. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं त्यांना ओळखणाऱ्यांनी त्यांना अंधारात पडलेलंच जास्त पाहिलं.

माझा त्या घरातला पहिला गणपती. हरतालिकेचा कडक उपास झालेला, रात्रभर जागरण, सकाळी सोवळ्यातला स्वयंपाक. मोदकाची उकड मळता मळता ताई थांबल्या, मला वाटतं दोन-तीन जांभया दिल्या त्यांनी, डोळे चोळले, आणि हात धुऊन मधल्या खोलीत गेल्या त्या दुसऱ्या दिवशीच बाहेर आल्या. मोदक, आरत्या, पाहुणे सगळं सासूबाईंवर आणि माझ्यावर पडलं. मी एकोणीस वर्षांची. मनात आलं, हे बरं आहे, सणावाराचं डोकं दुखतं! सासूबाई तर तसं बोलूनही दाखवायच्या. दिवाळीला दुखतं, श्रावणात दुखतं, एकादशीला दुखतं. एरवी बाई ठणठणीत. घरात कुणी वाईट नव्हतं, पण ताप नाही, जखम नाही, सूज नाही, तर दुखणं आहे कुठं, हे कुणाला कळत नव्हतं. आणि ताईंनाही ते सिद्ध करून दाखवता येत नव्हतं. त्या फक्त दुसऱ्या दिवशी उठायच्या, तोंड ओढलेलं, डोळ्यांखाली काळं, आणि आदल्या दिवशीचं राहिलेलं काम दुप्पट करायच्या. गोधड्या धुवायला काढायच्या, न सांगता माझ्या वाटणीची भांडी घासायच्या. मी नको म्हटलं तर म्हणायच्या, "काल तुला सगळं पडलं ना गं." चोरी केलेल्या माणसानं बोलावं तसं बोलायच्या.

मला त्यांचं दुखणं पहिल्यांदा दिसलं ते अंगणात. दिवाळीआधीची गोष्ट. मी रांगोळी घालत होते आणि ताई दारातून बघत होत्या. मी सहज विचारलं, की डोकं दुखायच्या आधी तुम्ही डोळे का चोळता. त्या खाली बसल्या. माझ्या हातून चिमूटभर रांगोळी घेतली आणि जमिनीवर एक अर्धगोल काढला, पण सरळ नाही, करवतीच्या दात्यांसारखा, किल्ल्याच्या तटासारखा, वरखाली वरखाली. म्हणाल्या, आधी हे एवढंसं असतं, डोळ्याच्या कोपऱ्यात, उन्हात पाणी चमकावं तसं चमकतं, मग मोठं होत जातं. मी विचारलं, "आणि याच्या आत?" त्यांनी त्या अर्धगोलाच्या पोटात बोट ठेवलं. "इथं काहीच नसतं विमल. काळोखसुद्धा नसतो. तू समोर बसलीस तर तुझा अर्धा चेहराच नसतो." मग म्हणाल्या, की ते जाईपर्यंत फार तर चहा होतो तेवढाच वेळ जातो, आणि ते गेलं की दुखायला लागतं. एकाच बाजूला, भुवईच्या वर, घणाचे घाव घालावेत तसं. उजेड सोसत नाही, फोडणीचा वास सोसत नाही, मंगलनं हाक मारली तरी ओकारी येते. "पोटच्या पोरीची हाक..." एवढं बोलून त्यांनी पदरानं ती रांगोळी पुसून टाकली. त्यानंतर मी कधी सणावाराचं डोकं म्हटलं नाही. त्यांच्या आईलाही हेच होतं, असं त्या दिवशी कळलं. आणि मंगल उन्हात डोळे बारीक करायची तेव्हा ताई तिच्याकडे अशा का बघायच्या, तेही कळलं.

मग उपायांची वर्षं आली. सगळ्यात आधी चष्मा झाला. डोळे तपासून घेतले, चष्मा आला, डोकं राहिलं. कुणीतरी सांगितलं की सूर्य उगवायच्या आत दुधाबरोबर जिलेबी खायची. भाऊजी तसे कडक शिस्तीचे, पण आठवडाभर आदल्या संध्याकाळी स्टेशनजवळच्या हलवायाकडून जिलेबी आणत आणि पहाटे स्वतः दूध तापवत. ज्या दिवशी खरंच दुखत होतं त्या दिवशी ताईंना तुपाच्या वासानंच मळमळून आलं, आणि जिलेबी मंगलनं खाल्ली. पुढं बरेच दिवस ती विचारायची, "आई, तुझं डोकं कधी दुखणार?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा ताई इतक्या हसल्या की डोकं धरूनच हसल्या. सुंठ उगाळून कपाळावर लेप द्यायचा, त्यानं आग व्हायची पण आगीनं ठणका थोडा मागं पडल्यासारखा वाटायचा. उन्हाळ्यात सुंठेऐवजी चंदन. घरमालकांची आई मिठागराच्या बांधावरून निर्गुडीचा पाला आणून द्यायची. तो वाळवून सासूबाईंनी त्याची एक उशी शिवली. ताईंना ती आवडायची. दुखणं जात नसे, पण त्या म्हणायच्या, या उशीवर पडलं की कुणीतरी आपलं ऐकलंय असं वाटतं.

यांच्या ओळखीनं कल्याणला पारनाक्याजवळच्या एका वैद्यांकडे आम्ही ताईंना नेलं. मी सोबत गेले होते. म्हातारे, सावकाश बोलणारे. नाडी बघितली, पण त्याहून जास्त प्रश्न विचारले. झोपता कधी, उठता कधी, जेवता कधी, विटाळाच्या आधी दुखतं का, दिवस होते तेव्हा दुखत होतं का. ताईंना आठवलं, मंगलच्या वेळी सहा-सात महिने एकदाही दुखलं नव्हतं. वैद्य म्हणाले, ही अर्धशिशीच. नाकात घालायला तेल दिलं, रोज सकाळी दोन-दोन थेंब. जागरण नको, डोक्यावर ऊन नको, आंबट दही नको. आणि शेवटी म्हणाले, "बाई, याचं मूळ मला उपटता येणार नाही. पण तुम्ही त्याला खतपाणी घालू नका. उपास किती करता?" ताई बोटांवर मोजायला लागल्या आणि मध्येच थांबल्या, कारण सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय श्रावणातले, हे सगळं मोजताना त्यांचं त्यांनाच कळलं. वैद्य म्हणाले, सगळे बंद.

तलावपाळीवरचे आमचे डॉक्टर तरुण होते, नुकतेच मुंबईहून शिकून आलेले. त्यांनीही तेच विचारलं आणि तेच सांगितलं, की पोट रिकामं ठेवू नका, झोपेची वेळ मोडू नका. इंग्रजीत याला मायग्रेन म्हणतात, हे डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचं दुखणं आहे, मनाचं खूळ नाही, असं त्यांनी भाऊजींना समोर बसवून सांगितलं. मला आठवतं, ताई तेव्हा खुर्चीवर बसल्या बसल्या रडल्या. औषधानं नव्हे, त्या वाक्यानं. वैद्यांच्या तेलाला डॉक्टरांची हरकत नव्हती. भस्मं मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणाले. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या त्या तेव्हा ठाण्यात मिळत नसत, भाऊजी मुंबईहून आणवत. गोळी चमक दिसल्याबरोबर घ्यायची, दुखणं चढल्यावर तिचा उपयोग नाही. आणि इथंच ताई चुकायच्या. चमक दिसली तरी वाटायचं, एवढी पोळी लाटून होऊ दे, आज कदाचित नाही दुखणार, गोळी फुकट कशाला. मग उशीर व्हायचा. पुढं एकदा दिवाळीत उलट केलं, दुखेल या भीतीनंच रोज गोळी घेत राहिल्या, तर बोटं गार पडायला लागली, मुंग्या यायला लागल्या, आणि डोकं उलट रोजच दुखू लागलं. डॉक्टर रागावले. गोळ्यांचा हिशेब आठवड्याचा बांधून दिला. म्हणाले, या गोळीला भ्यायचंही नाही आणि तिच्यावर विसंबायचंही नाही.

राहिले उपास. मला वाटलं होतं, घरात रण माजेल. सासूबाई देवभोळ्या, आणि सुनेनं उपास टाकायचे म्हणजे... दोन दिवस त्या बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. ताई भगर निवडायला बसल्या तर सासूबाईंनी सूप ओढून घेतलं. म्हणाल्या, "तू जेव. तुझे उपास मी करते. देवाला सांगितलंय मी तसं." आणि खरंच केले. वय साठीच्या पुढं, तरी आपले आणि सुनेचे असे दोन्ही उपास त्या धरत राहिल्या. ताईंना ते फार लागलं. ताट त्यांनी बाजूला सारलं. पण सासूबाई समोर बसून राहिल्या आणि त्यांनी जेवायला लावलं. त्यानंतर ताईंचं दुखणं निम्म्यावर आलं असं मी म्हणेन. तेलानं, गोळीनं, की वेळच्या वेळी पोटात गेलेल्या भाकरीनं, ते मला सांगता येणार नाही. गेलं मात्र नाही कधीच. फाल्गुन-चैत्रात मिठागरांवर मिठाच्या राशी पडल्या की तिकडं बघवत नसे, इतकं पांढरं चकाकतं. ताई त्या दिवसांत विहिरीवरसुद्धा पाठमोऱ्या जायच्या.

आणि घर शिकलं. माझ्या मनात हेच सगळ्यात जास्त सलतं, की घर शिकलं होतं. ताईंनी नुसतं कपाळ धरलं, की माझा धाकटा मुलगा रडायचा थांबत नसला तर मी त्याला घेऊन मालकांच्या ओटीवर जायची. मंगल पितळी भांडी फडक्यावर ठेवायची. हे घरात शिरताना कडी हातानं धरून लावायचे. सासूबाई आरती ओठांतल्या ओठांत म्हणायच्या. जी माणसं एकेकाळी म्हणायची की बाहेर या म्हणजे बरं वाटेल, तीच आता कुणाला त्या दाराशी फिरकू देत नव्हती. ताईंना एकटं सोडायचं, अंधार ठेवायचा, हाक मारायची नाही, झोप लागली तर उठवायचं नाही, उठल्या की चहा. आम्हाला अभिमान वाटायचा त्याचा. मला तरी वाटायचा.

चैत्रातला तो दिवस तसाच होता, ऊन रखरखीत, दुपारी शेजारच्या बायका येणार होत्या. ताई चांगल्या होत्या. सकाळी त्यांनीच गौरीपुढं आरास केली, कलिंगडाची कमळं कापली, जेवल्याही वेळेवर. मी पाट्यावर कैरीच्या डाळीसाठी डाळ वाटत होते, ताई भिजवलेल्या हरभऱ्यांची पाटी उचलत होत्या. पाटी त्यांनी एकदम खाली ठेवली आणि मानेवर हात नेला. कपाळावर नाही, मानेवर. म्हणाल्या, "विमल, आज हे मागून आलंय गं. काहीतरी फुटल्यासारखं झालं." मी वर बघितलं. चेहरा पांढरा पडला होता. पण दुखताना तो नेहमीच पांढरा पडायचा. चमक दिसली का, असं मी विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. मी विचारलं नाही. माझे हात डाळीनं बरबटलेले, बायका यायच्या झालेल्या. मी म्हटलं, "पडा तुम्ही. मी बघते सगळं." त्यांना चालताना भिंत धरावी लागली. आडव्या झाल्यावर एकदा ओकल्या, तेही नेहमीचंच. गोळी दिली ती त्यांनी नको म्हटली. आणि म्हणाल्या, "आजच्याच दिवशी... तुला सगळं पडलं." मी घोंगडी टाकली, आणि दार लोटून घेतलं.

बायका आल्या. मी त्यांना दारातच सांगितलं, की ताईंचं डोकं दुखतंय, जरा हळू बोला. सगळ्याजणी समजूतदार. उखाणेसुद्धा कुजबुजत घेतले, हसू आलं तर तोंडाला पदर लावला. भाऊजी शाळेतून लवकर आले. मला खुणेनंच विचारलं, डोकं का? मी मान हलवली. त्यांनी चपला अंगणातच काढल्या, हातपाय धुताना पाण्याचा आवाज होऊ दिला नाही, आणि मधल्या खोलीच्या दाराबाहेर जमिनीवर बसून परीक्षेचे पेपर तपासत राहिले. आत बायको चाललेली, आणि ते बाहेर, हाताच्या अंतरावर, पानसुद्धा जपून उलटत बसलेले. आतून काही आवाज आला असेल का? आला असता तर त्यांना ऐकू आला असता... ते म्हणतात नाही आला. मी पुन्हा विचारत नाही.

इस्पितळात पाठीच्या कण्यातून पाणी काढलं ते लाल निघालं. आमचे डॉक्टर तिथं आले होते. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. अर्धशिशीशी याचा संबंध नाही, हे वेगळंच, अचानक येतं. मी त्यांना मान, भिंत, फुटल्यासारखं, हे सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तेव्हाच बोलावलं असतं तरी बहुधा मी काही करू शकलो नसतो, बाई. या दुखण्यावर आमच्या हातात फार काही नाही." त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं की खरं म्हणून म्हटलं, मला माहीत नाही. मी त्या 'बहुधा'पाशी रोज येऊन थांबते. समजा काही करता आलं नसतं. तरी त्यांच्याजवळ कुणी बसलं असतं. त्या एकट्या गेल्या नसत्या त्या काळोखात. इतक्या वर्षांत सगळ्यांनी मिळून त्यांना एकटं राहू द्यायला शिकायचं, आणि त्याच शिकण्यानं त्या एकट्या राहाव्यात...

घरात प्रत्येकाजवळ आपापलं आहे. सासूबाईंना वाटतं, उपास मोडायला आपण संमती दिली म्हणून देव कोपला. त्या आता दुप्पट उपास करतात, आणि जेवा म्हणायचा धीर आम्हाला होत नाही. भाऊजींनी ते पेपर तपासायला दुसऱ्या मास्तरांना देऊन टाकले. माझं मी लिहिलंच आहे. ज्यांच्या घरात असं कुणाचं डोकं दुखत असेल त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की त्या माणसाला अंधार द्या, शांतता द्या, दोन वेळचं जेवण वेळेवर द्या, आणि आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. पण तो म्हणाला, आजचं वेगळं आहे, तर त्याच्यावर तेव्हाही विश्वास ठेवा. डॉक्टरांनी मला समजावलं ते हेच. एकदम, आभाळ कोसळावं तसं आलं, मान धरली, पूर्वी कधी असं नव्हतं, तर दार लोटायचं नाही, डॉक्टरांकडे माणूस धाडायचा.

मंगल आता बारा वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात शाळेतून आली ती दप्तर टाकून भिंतीला डोकं लावून बसली. म्हणाली, काकू, डाव्या बाजूला दुखतंय, उजेड नको. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. मग सगळं विचारलं, आधी काही चमकलं का, मान वळते का, हळूहळू आलं की एकदम. सासूबाई देवापाशी जाऊन बसल्या. भाऊजी डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, आईचं आलंय, भ्यायचं कारण नाही, पडू द्या तिला. मधल्या खोलीत तिला निजवलं. खिडकीवर घोंगडी टाकली. तिला एकटीला पडायचं होतं, तिच्या आईसारखंच. मी बाहेर आले खरी, पण मला राहवेना. दर थोड्या वेळानं दार किलकिलं करून बघत राहिले, श्वास चालतोय का, चादर हलतेय का. त्या उजेडाच्या रेघेनं तिला त्रास होत असणार, हे मला कळत होतं. चौथ्या का पाचव्या वेळी, मी दाराला हात लावला तेव्हा, डोळे न उघडता तिनंच आतून हळूच सांगितलं,

"आहे मी, काकू."

मी आत गेले आणि दाराला आतून टेकून बसले.